विश्लेषण : विक्री वाढवायची तर बक्षीस दिवाळीला की दर शनिवारी?

बारामतीतले दुचाकीचे शोरूम असो, इंदापुरातले कृषी सेवा केंद्र असो किंवा एखाद्या कंपनीचा वितरक. विक्री करणाऱ्या पोरांना खूश ठेवण्याची पद्धत साधारण ठरलेली असते. महिन्याचे टार्गेट, ते गाठले तर इन्सेंटिव्ह, आणि दिवाळीला बोनस व मिठाईचा पुडा. तरीही मालकांची तक्रार असते की पोरं टिकत नाहीत आणि मनापासून काम करत नाहीत. दोष पोरांचा की पद्धतीचा?

दूध आणि ऊस काय सांगतात?

याचे उत्तर आपल्या गोठ्यात आणि फडात आहे. आडसाली ऊस शेतात 16 ते 18 महिने उभा असतो. तो कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी द्यावी, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात मात्र पहिली उचल, पुढचे हप्ते आणि दिवाळीचा फरक अशी वाट पाहण्याची शेतकऱ्याला सवय झाली आहे. दुधाचे तसे नाही. सकाळी डेअरीवर दूध घातले की लगेच लिटर, फॅट आणि एसएनएफची पावती हातात पडते आणि दर दहा दिवसांनी पगार होतो. कालच्यापेक्षा फॅट कमी लागले तर शेतकरी त्याच दिवशी पेंडेचा विचार करतो. उसाने घर बांधले जाते हे खरे, पण घर चालते ते दुधावर.

वर्षाचा बोनस हा ऊस आहे आणि आठवड्याची छोटी शाबासकी हे दूध. बहुतेक दुकानांत फक्त ऊसच लावलेला दिसतो.

छोटे आणि वारंवार, हे का चालते?

काम आणि त्याचे फळ यांतले अंतर जितके कमी, तितका त्यांचा संबंध मनात पक्का बसतो. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये बक्षिसाच्या वेळापत्रकाचा वर्तनावर होणारा परिणाम सविस्तर मांडला होता. पुढे विक्रीच्या क्षेत्रातही प्रयोग झाले. स्वीडनमधल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानसाखळीत महिन्याऐवजी रोजचे टार्गेट देऊन पाहिले, तेव्हा मागे पडणाऱ्या विक्रेत्यांची कामगिरी सुधारली. महिन्याच्या टार्गेटमध्ये पहिले दहा दिवस वाया गेले की असा माणूस उरलेले वीस दिवस सोडूनच देतो. रोज नवी सुरुवात मिळाली की तो पुन्हा उभा राहतो. मात्र याच प्रयोगात विक्रेते महागड्या वस्तू सोडून स्वस्त, पटकन खपणाऱ्या वस्तूंकडे वळले. ट्रॅक्टर विकणाऱ्याने हे नीट लक्षात ठेवावे. त्याचा सौदा एका दिवसात होत नाही.

मग बक्षीस कशाला द्यायचे? आमच्या मते केवळ विक्रीला नव्हे, विक्रीकडे नेणाऱ्या कामालाही. किती शेतात प्रात्यक्षिक दाखवले, जुन्या किती ग्राहकांना फोन केले, एखादी तक्रार त्याच दिवशी मिटवली का, हे मोजता येते आणि ते विक्रेत्याच्या हातात असते. पाऊस, उसाचे बिल आणि लग्नसराई त्याच्या हातात नसते.

एकच टार्गेट सगळ्यांना का नको?

नीरा कालव्याखालचा बागायती पट्टा आणि सुपे, मोरगावकडचा जिरायती भाग बारामती या एकाच तालुक्यात आहेत. कालव्याकाठी फिरणारा विक्रेता आणि सुप्याकडे फिरणारा विक्रेता यांना सारखेच टार्गेट देणे म्हणजे दुसऱ्याला आधीच हरवणे. त्याची तुलना त्याच्याच मागच्या तीन महिन्यांशी करावी. जिरायत भागात दोनाचे तीन ट्रॅक्टर करणारा माणूस बागायतात दहाचे दहाच ठेवणाऱ्यापेक्षा सरस नाही का?

पैसे जास्त लागतील ही भीतीही फारशी खरी नाही. समजा, आठ जणांच्या टीमसाठी महिन्याला 8,000 रुपये बाजूला काढले आहेत आणि ते सगळे पहिल्या क्रमांकाला मिळतात. दहा तारखेलाच उरलेल्या सात जणांना कळते की हे आपले नाही. त्याऐवजी दर शनिवारी 1,000 रुपयांची छोटी बक्षिसे द्यावीत आणि उरलेले साधारण 4,000 रुपये महिनाअखेरीस स्वतःची सरासरी ओलांडणाऱ्यांत वाटावेत. खर्च तोच राहतो आणि आशा आठ जणांना राहते.

कौतुक कसे करावे?

‘वेल डन टीम’ असा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पडला की तो कोणी वाचत नाही. नाव घेऊन, काम सांगून केलेले कौतुक लक्षात राहते. ‘काल दुकान बंद व्हायच्या वेळी आलेल्या आजोबांना तू फवारणीचे प्रमाण लिहून दिलेस, ते बरे केलेस’, एवढे पुरते. आणि त्याच ग्रुपवर तळाच्या माणसाचे नाव लाल रंगात टाकण्याची काही ठिकाणची खोड तातडीने बंद करावी. चारचौघांत केलेली शोभा माणूस विसरत नाही.

बक्षीस कधीकधी अवचित द्यावे. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका बालवाडीत झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘चित्र काढलेस तर बक्षीस’ असे आधी सांगितलेल्या मुलांची चित्रातली गोडी नंतर कमी झाली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची झाली नाही.

धोका कुठे आहे?

फॅटवर भाव आला तशी भेसळीची भीतीही आली, म्हणून डेअरीवर तपासणी असते. विक्रीचेही तसेच. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत खाती उघडण्याच्या टार्गेटचा इतका दट्ट्या होता की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे 5,300 जणांना कामावरून काढल्याचे समोर आले. शेतकऱ्याला नको असलेले टॉनिक औषधाबरोबर गळ्यात मारणे हा त्याचाच छोटा अवतार. म्हणून शनिवारी बक्षीस देण्याआधी मालकाने त्या आठवड्यातल्या दोन-तीन ग्राहकांना स्वतः फोन करावा.

आणि एक गोष्ट बक्षिसाच्या आधीची. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्येच मांडले होते की पगार आणि कामाची परिस्थिती नीट नसेल तर माणूस नाराज राहतो. कौतुकाचे काम त्यानंतर सुरू होते. स्वतःच्या मोटारसायकलवर गावोगाव फिरणाऱ्या पोराला पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळत नसतील, मागच्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह अजून हिशेबातच अडकला असेल, तर शनिवारचे 200 रुपये त्याला चेष्टाच वाटतील. ज्या दुकानात अशी थकबाकी आहे, तिथे पहिल्या शनिवारी तीच चुकती करावी आणि छोट्या बक्षिसांचा विचार दुसऱ्या शनिवारपासून करावा.