फिल्टरमधली पिल्लं

गेल्या शनिवारी माशांच्या टाकीचा फिल्टर साफ करायला काढला आणि स्पंजमागून एक दोऱ्याचा तुकडा वळवळत बाहेर आला. आधी वाटलं, जळू! बादलीत सोडून नीट पाहिलं तर इवल्याशा मिशा, अंगावर पट्टे... कूली लोचचं पिल्लू! शोधल्यावर एकूण सात निघाली. बायकोला झोपेतून उठवून दाखवली. ती म्हणाली, "सात गांडुळांसाठी उठवलंस?"

असो. लोच म्हणजे तळाशी राहणारे मिशावाले मासे. त्यातला कूली म्हणजे बोटाएवढा, सापासारखा लवचिक, आग्नेय आशियातल्या ओढ्यांच्या पालापाचोळ्यात राहणारा. दिवसभर दडी मारणार आणि लाइट गेले की ह्याची शिफ्ट सुरू. आमच्यासारखंच.

गंमत म्हणजे ह्या पिल्लांसाठी मी काहीच केलं नव्हतं. त्याआधी वर्षभर मात्र सगळं केलं होतं. वेगळी टाकी, रोज पीएच तपासणं, तापमानाची एक्सेल शीटसुद्धा! माद्यांच्या पोटातली हिरवट अंडी कातडीतून दिसायची, पण पुढे गाडी सरकेना. मग मासे परत मोठ्या टाकीत सोडले. तेवढ्यात ऑफिसात रिलीज आलं आणि दोन महिने टाकीकडे बघायलाही वेळ झाला नाही. जावा मॉसचं रान माजलं, तरंगत्या झाडांनी पाणी झाकलं, तळाशी बदामाची पानं कुजली. एका रविवारी घाईत जरा गार पाणी भरलं. बहुतेक त्यांना पाऊस आल्यासारखं वाटलं असावं. कूली अंडी राखत नाहीत, उलट सापडली तर खातात. जी मॉसमध्ये अडकली किंवा फिल्टरच्या आड गेली, तीच वाचली.

आता मुद्द्याचं. ह्याच टाकीत पूर्वी चार झेब्रा लोच होते. दुकानदार म्हणाला, "इंपोर्टेड आहेत साहेब." घरी येऊन वाचलं तर हा बोटिया स्ट्रायाटा, चक्क आपल्या सह्याद्रीचा! १९२० साली नारायण राव यांनी तुंगा नदीतल्या माशांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कोल्हापूरकडच्या नद्यांतही तो सापडतो, आणि मी कोल्हापूरचा! आययूसीएनच्या लाल यादीत तो धोक्यात आलेल्या माशांमध्ये आहे. घरच्या टाकीत त्याची वीण होणं जवळजवळ अशक्य. दुकानातले मासे नदीतून पकडलेले नाहीत ना, असं विचारल्यावर दुकानदार नुसता हसला. वर्षभरात चारही गेले. माझ्या हॉलच्या शोभेसाठी माझ्याच जिल्ह्यातली नदी चार माशांनी रिकामी झाली असेल, हे काही डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. नदीत जो कमी होतोय आणि आपल्याकडे पिल्लं देऊ शकत नाही, तो मासा कितीही देखणा असला तरी विकत घेऊ नये. मित्र म्हणतात, धरणं, वाळूउपसा, कारखान्यांचं पाणी ह्यापुढे तुझे चार मासे कुठे? खरंय. पण धरण माझ्या हातात नाही, पाकीट आहे.

आता कोणी विचारेल, कूली तरी कुठून येतात? बहुतेक रानातूनच पकडून. माझे पहिले सहाही तसेच असणार. मान्य! म्हणून तर ह्या सातांचं अप्रूप. ती नदीत परत जाणार नाहीत आणि परदेशी मासा मुळा-मुठेत सोडणं म्हणजे वेगळंच पाप. पण ती ज्याच्याकडे जातील, त्याला तेवढे मासे दुकानातून आणावे लागणार नाहीत. कर्जाचा पहिला ईएमआय म्हणा हवं तर.

चार पिल्लं मोठी झाली की टीममधल्या एकाला देणार आहे. अट एकच: एक्सेल शीट करायची नाही.