ठेका नवा, पण आवाज कोणाचा?



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत जो गोंगाट सुरू होतो, त्याची आम्हाला आता सवय झाली आहे. यंदा मात्र एका पाच मिनिटांच्या गाण्याने आम्हाला विचारात पाडले. नववीच्या काही विद्यार्थ्यांनी समूहनृत्यासाठी संगणकावर एक गाणे तयार केले. सुरुवातीला युरोपातील ख्रिस्ती मठात चालते तसे लॅटिन समूहगान, मग इलेक्ट्रॉनिक ठेका, त्यावर आपल्या सुरतेच्या गरब्याचा ढोल, आणि मधेच एका वृद्ध स्त्रीच्या आवाजात जात्यावरची अहिराणी ओवी.

तालमीतच तक्रारी आल्या. एका पालकांनी लिहून दिले की मराठी शाळेच्या रंगमंचावर चर्चचे गाणे नको. दुसऱ्यांचे म्हणणे, ओवीला डीजे लावणे हा ओवीचा अपमान आहे. आणि खरे सांगायचे तर, आम्हीही गाणे न ऐकताच 'नाही' म्हणून मोकळे झालो. शिक्षकाने असे करू नये. दुसऱ्या दिवशी मुलांना बोलावून गाणे दोनदा ऐकले. ऐकायला चांगले वाटले, हेही कबूल करतो.

हा प्रकार मुलांनी शोधून काढलेला नाही. ज्याला ग्रेगोरियन गान म्हणतात, ते पोप ग्रेगरी यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याला हजारांहून अधिक वर्षांची परंपरा आहे. भाषा लॅटिन, सर्वांचा सूर एकच, साथीला वाद्य नाही आणि ठरलेला ताल नाही. आपल्याकडे मंत्रपठणाला जसा तबला लागत नाही, तसेच. 1990 मध्ये मायकेल क्रेटू या संगीतकाराने 'एनिग्मा' या नावाने या गानाखाली नाचाचा ठेका घातला. त्या गाण्याचा बाकीचा विषय शाळेच्या पानावर सांगण्यासारखा नाही. पण जर्मनी, इंग्लंडसह अनेक देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि अशा मिश्र संगीताची लाटच आली. गंमत अशी की 1994 मध्ये स्पेनमधील सिलोस मठातील साधूंचे जुने ध्वनिमुद्रण नव्याने बाजारात आले. त्यात ठेका नव्हता की वाद्य नव्हते, तरी त्याच्या लाखो प्रती खपल्या. ठेक्यामुळे लोक दारापर्यंत आले, पण आत गेल्यावर त्यांना मूळ गाणेही आवडले.

आता तक्रारींकडे वळू. चर्चचे गाणे परके, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावाचा इतिहास आठवावा. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा येथील कॅपुचिन पंथाचे फादर अँब्रोस यांच्या निवासस्थानाला हात लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. स्वारीच्या धामधुमीत महाराजांनी जो आदर दाखवला, तो आपण स्नेहसंमेलनात दाखवू नये का?

नवे वाद्य लावले की जुने गाणे बाटते, हेही आम्हाला पटत नाही. आपली रोजची प्रार्थना ज्या बाजाच्या पेटीवर होते, ती मूळची युरोपची. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, कारण तिचे सूर आपल्या संगीताला मानवत नाहीत असे जाणकारांचे मत होते. ती बंदी 1971 मध्ये सैल झाली. आज पेटीशिवाय भजन कोणाला सुचते? भजनी मंडळाचा अभंग पंडित भीमसेन जोशींनी 'संतवाणी'तून मैफलीत नेला. आज मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा तरुणांचा बँड तोच अभंग गिटारवर गातो. गाण्याने कपडे बदलले म्हणून गाणे मरत नाही.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते तक्रार करणाऱ्यांनी खरा प्रश्न विचारलाच नाही. तो प्रश्न असा की, हा आवाज कोणाचा आणि त्याला विचारले का?

एनिग्माच्या त्या पहिल्या गाण्यातील लॅटिन आवाज म्युनिकच्या 'कॅपेला अँटिका' या गायकवृंदाच्या 1976 च्या तबकडीवरून उचललेले होते. त्यांना विचारलेले नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले आणि 1994 मध्ये तडजोडीने मिटले. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच संगीतकाराच्या 1993 च्या एका गाण्यात तैवानमधील आमिस या आदिवासी जमातीचे दिफांग व इगाय हे वृद्ध पतिपत्नी गातात. 1988 मध्ये ते पॅरिसला गायले, तेथे ध्वनिमुद्रण झाले आणि तो आवाज पुढे त्यांच्या नकळत गाण्यात गेला. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या प्रचारातही तो वाजला. जग ऐकत होते, पण गाणाऱ्यांचे नाव कोठेच नव्हते. त्यांना दाद मागावी लागली आणि 1999 मध्ये तडजोड होऊन मोबदला व श्रेय मिळाले. दिफांग 2002 मध्ये वारले.

हे मुलांना सांगितल्यावर आम्ही विचारले, "ओवीतला आवाज कोणाचा?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक जण म्हणाला, "सर, आमच्या आजीचा. दळण निवडताना गुणगुणत होती, मी मोबाइलवर घेतला." आजीला माहीत आहे का, यावर उत्तर आले नाही.

दोन दिवसांनी आजीबाई शाळेत आल्या. नंदुरबारकडच्या, लग्न होऊन सुरतेत आल्या त्याला पन्नास वर्षे झाली. कानाला हेडफोन लावून त्यांनी सगळे गाणे ऐकले. ढोल वाजल्यावर हसल्याही. मग अहिराणीत जे विचारले त्याचा अर्थ असा: "सगळे छान आहे, पण माझ्या भावाची ओळ कोठे गेली?" ओवीत त्यांनी दिवंगत भावाचे नाव गुंफले होते. ती ओळ ठेक्यात बसेना म्हणून मुलांनी कापली होती. ओळीचा अर्थच त्यांना लागला नव्हता. आजीबाई रागावल्या नाहीत. मुलांच्या माना मात्र खाली गेल्या.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत म्हण आहे, 'नकल के लिए भी अक्ल चाहिए'. आम्ही त्यात एवढेच जोडतो की अकलेबरोबर थोडी कृतज्ञताही हवी. हेमा राईरकर व गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायांची व त्यांच्या गावांची नावे जपून. ज्या खानदेशातून आपली पुष्कळ कुटुंबे तापीच्या काठाने सुरतेत आली, त्याच खानदेशातील बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने उतरवून ठेवली म्हणून त्यांचे नाव आज आपण घेतो. ज्यांचे कोणी लिहून घेतले नाही, अशा बहिणाबाई आपल्या शेजारीही असतील.

म्हणून आमचा निर्णय असा. गाणे रंगमंचावर होईल. पण आजीबाईंची संमती घेऊन, त्यांचे नाव व गाव जाहीर करून. कापलेली ओळ परत येईल. ठेका थांबवावा लागला तर थांबवा. गाण्याआधी मुले पूर्ण ओवी यंत्राशिवाय गातील आणि तिचा अर्थ सांगतील. लॅटिन तुकडा इंटरनेटवरून उचललेला आहे, तो काढून मुलांनी तो सूर संगीत शिक्षकांकडून शिकून स्वतः गावा. पुढील सर्व कार्यक्रमांनाही हेच नियम राहतील.

विश्वस्तांना विनंती की घरोघरच्या आजी-आजोबांची गाणी नाव-गावासह ध्वनिमुद्रित करण्यासाठी आठवड्याला एक तासिका मंजूर करावी. पालकांना विनंती की घरातील अहिराणी मुलांसमोर बोला. ती भाषा समजली असती तर ती ओळ कापलीच गेली नसती.

विद्यार्थी मित्रहो, नवे ठेके खुशाल करा. पण ज्याच्या आवाजावर तुमचे गाणे उभे आहे, त्याच्याकडे आधी जा आणि विचारा.

आजीबाई स्नेहसंमेलनाला येते म्हणाल्या आहेत. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची राखून ठेवली आहे.