लंडन ऑफिसचा कॉल पुण्यातल्या मोबाइलवर. मध्येच का अडकतो?

लंडनच्या ऑफिसचा नंबर फिरवला, पण फोन उचलला पुण्यातल्या कर्मचाऱ्याने. आयटी कंपन्यांत हे रोजचंच. मग काही कॉल लागतच का नाहीत?

कॉल कसा वळतो?
यात प्रत्यक्षात दोन कॉल असतात. पहिला लंडनपर्यंत, त्याचे पैसे कॉल करणारा भरतो. दुसरा लंडनहून पुण्याला. तो ऑफिसच्या बिलात जातो.

अडचण कुठे?
मुंबईच्या ग्राहकाने लंडनला फोन केला आणि वळवलेला कॉल त्याचाच +९१ नंबर दाखवत भारतात आला, तर तो बनावट कॉलसारखाच दिसतो. ‘डिजिटल अरेस्ट’वाले भामटेही हीच युक्ती वापरतात. असे कॉल रोखणारी यंत्रणा केंद्राने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या २४ तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल रोखले गेले.

उपाय काय?
वळवलेल्या कॉलवर ऑफिसचाच नंबर दिसेल, अशी सेटिंग आयटी विभागाकडून करून घ्या. फोन कोणाचा ते आधी कळणार नाही, पण नंबरमुळे कॉल अडणार नाही.

हे टाळाच
परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून स्थानिक सिममधून फिरवणारा ‘सिम बॉक्स’ स्वस्त वाटतो. मात्र दूरसंचार कायदा २०२३ नुसार विनापरवाना सेवेसाठी ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.