तासाला सोळा हजार खोकी कुणासाठी?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ग्राहकाने आनंद मानला. आपल्या धंद्यातल्यांची नजर मात्र गोदामाकडे गेली. तिथे छापून, पंच करून, चिकटवून ठेवलेल्या कार्टनचे गठ्ठे होते आणि त्यांवर जुनी एमआरपी होती. सरकारने सुधारित किमतीचा शिक्का किंवा स्टिकर मारायला परवानगी दिली, पडून असलेले पॅकिंग वापरायला ३१ मार्च २०२६पर्यंत मुदत दिली, म्हणून पुष्कळ माल रद्दीत जाण्यापासून वाचला. पण इतके छापून ठेवायची गरज मुळात कुणाला होती, हा प्रश्न उरतोच.

गरज पार्टीची कमी आणि आपल्या यंत्राची जास्त होती. प्लेट, डाय, मेकरेडीत जाणारे शीट, रंग बदलताना होणारी धुलाई हा खर्च हजार नग छापा की लाख, तेवढाच. तो पसरवायचा तर नग वाढवायचे. ‘दहा हजार घ्या, रेट उतरवून देतो’ असे आपल्यापैकी कोण म्हणालेले नाही? डिजिटल छपाईत प्लेट नसते, त्यामुळे पहिल्या आणि पाच हजाराव्या शीटचा छपाईखर्च जवळपास सारखाच. पण संख्या वाढली म्हणून तो उतरतही नाही. शाई महाग असते आणि कागदावर जेवढी पडेल तेवढे पैसे लागतात. गडद जमिनीचे खोके आणि दोन ओळींचा मजकूर असलेले खोके यांना एकच रेट लावणारा मुद्रक वर्षअखेरीला ताळेबंद बघून डोक्याला हात लावतो.

इंडिगो आणि झायकॉन यांची रंगीत डिजिटल यंत्रे १९९३मध्ये आली, तेव्हा ती कागदी कामांच्या छोट्या आवृत्त्यांसाठी होती. पन्हळी खोक्याच्या वाट्याला खरा वेग यायला आणखी वीसेक वर्षे गेली. तो आला सिंगल-पास इंकजेटमुळे. जुन्या पद्धतीत हेड मालावरून येरझाऱ्या घालते. सिंगल-पासमध्ये हेडांची रांग पूर्ण रुंदीवर पक्की बसवलेली असते आणि शीट तिच्याखालून एकदाच जाते. २०१६च्या द्रुपा प्रदर्शनात मांडलेले ईएफआयचे नोझोमी यंत्र स्पेनच्या हिनोहोसा कंपनीत बसले. त्याची रुंदी १.८ मीटर आणि वेग मिनिटाला ७५ मीटर. एचपीचे रोलवर छापणारे टी-११०० त्याहून मोठे: २.८ मीटर रुंद, मिनिटाला १८३ मीटर.

प्रदर्शनात हे आकडे ऐकून मान डोलते. त्यांचा गुणाकार मात्र घरी येऊन करावा. १.८ मीटर रुंदी आणि ७५ मीटर वेग म्हणजे तासाला ८,१०० चौरस मीटर. एका खोक्याला अर्धा चौरस मीटर धरला तर तासाला १६ हजार खोकी. आता आपण हे यंत्र घेतो कशासाठी? छोट्या ऑर्डरींसाठी. पाचशे नगांची एक ऑर्डर धरली तर तासाला ३२ ऑर्डरी, आठ तासांच्या पाळीत अडीचशेच्या वर. अडीचशे फाइली कोण तपासणार? त्यातल्या कितींचे फॉन्ट हरवलेले, कितींचे बारकोड पिवळ्यावर तांबडे, कितींच्या ब्लीडचा पत्ता नाही, हे वेगळे सांगायला नको. अडीचशे पार्ट्यांकडून व्हॉट्सॅपवर प्रूफ मंजूर करून घ्यायचे, त्यातल्या चाळीस जणांना मंजुरीनंतर फोन नंबर बदलायचा असतो. मग पंचिंगला अडीचशे वेळा डाय बदलायची, पेस्टिंगला तितक्यांदा सेटिंग, आणि पाठवणीला अडीचशे चलने.

आमचे म्हणणे एवढेच आहे की छपाईचा वेग ही या व्यवहारातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. ती पैसे मोजून मिळते. यंत्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे काम मात्र आपल्यालाच उभे करावे लागते. त्यावर पैसा आणि डोके न घालता घेतलेले वेगवान यंत्र दिवसाचे दोन तास चालेल आणि हप्ता चोवीस तासांचा भरावा लागेल. भोसरी, वाळूज, भिवंडी, शिरोलीकडच्या ज्या कारखान्यांत आजही कोटेशन मालकाच्याच डोक्यात असते, तिथे पहिली गुंतवणूक यंत्रात नको. ऑनलाइन ऑर्डर, फाइल तपासणारे सॉफ्टवेअर आणि प्रीप्रेसला एक हुशार माणूस यांत हवी. तो माणूस मिळवणे यंत्र मिळवण्याइतकेच अवघड आहे, आणि टिकवणे त्याहून.

दुकानातल्या डिस्प्लेचे गणित याहून बरे जमते. सणाच्या योजनेसाठी साठ उभे स्टँड, दोनशे काउंटर डिस्प्ले, हजार डँगलर. त्यातही कोल्हापूरला मराठी, बेळगावला कन्नड, वापीला गुजराती. ही कामे ऑफसेटला कधी मानवली नाहीत आणि स्क्रीन प्रिंटिंगवर ती घाम काढून केली जात. इथे येरझाऱ्या घालणारे फ्लॅटबेड यंत्रही पुरते. सोबत डिजिटल कटिंग टेबल असेल तर डायचीही गरज नाही: सुरी फाइल बघून कापते, क्रीझ पाडते, सकाळी आलेला नमुना दुपारी उभा राहतो. डिस्प्लेवाली पार्टी चौरस फुटाचा रेट मागत नाही, ती शुक्रवारपर्यंत माल मागते, आणि वेळेचे पैसे द्यायची तिची तयारी असते. पन्हळी बोर्डाचा स्टँड सनबोर्डाच्या तुलनेत नंतर रद्दीतही विकला जातो, ही बाब आता कंपन्यांच्या खरेदी विभागालाही पटू लागली आहे. डिजिटलमध्ये पाऊल टाकायचे तर आमच्या मते ते या दारातून टाकावे.

प्रत्येक नगावर वेगळा मजकूर छापायच्या कामाबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. १ ऑगस्ट २०२३पासून तयार होणाऱ्या औषधांपैकी तीनशे ठरावीक ब्रँडना बॅच आणि मुदत यांची माहिती असलेला क्यूआर कोड सक्तीचा आहे. २०२५च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने फळावर लावायला वेगवेगळ्या क्रमांकांचे स्टिकर आणले, कारण देवगडच्या नावाने कुठलाही हापूस खपवला जात होता. ही कामे प्लेटवर होत नाहीत, हे खरे. पण त्यासाठी कोट्यवधींचे चार रंगी यंत्र लागत नाही. ऑफसेट किंवा फ्लेक्सोवर छापलेल्या मालावर काळ्या शाईचे एक इंकजेट हेड आणि तपासणीचा कॅमेरा बसवला की काम होते. यंत्र विकणारा हे सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आता काही तांत्रिक गोष्टी, ज्या माहितीपत्रकात बारीक टायपात असतात. सिंगल-पासमध्ये एक नोझल बंद पडले की त्या रेषेवर दुसरे हेड येत नाही. पूर्ण जॉबभर पांढरी रेघ जाते. हेड आणि बोर्ड यांच्यात अंतर काही मिलिमीटरचेच. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक लाइनवर चिकटवलेला बोर्ड जुलैत कसा बाक घेतो, हे कोकणात किंवा ठाण्यात खोकी करणाऱ्याला ठाऊक आहे. असा बोर्ड हेडला घासला तर त्या दिवसाचा नफा बाजूला ठेवा, हेडची किंमत बघा. बोर्ड सपाट करण्याचा बंदोबस्त आधी, यंत्र नंतर. तपकिरी क्राफ्टवर उजळ रंग हवे तर खाली पांढरी शाई लागते आणि ती सर्वांत महाग. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगवरच्या शाईला एफएसएसएआयच्या २०१८च्या नियमांनुसार आयएस १५४९५ लागू आहे; यूव्ही शाई मिठाईच्या डब्यावर वापरण्याआधी पुरवठादाराकडून तिच्या स्थलांतराचा चाचणी अहवाल लेखी घ्या, तोंडी आश्वासन नको.

पुरवठादारावरून आठवले. २०१२च्या द्रुपात लांडा कंपनीने नॅनोग्राफीची घोषणा केली, तासाला १३ हजार मोठे शीट छापू असे सांगितले आणि दालनाबाहेर रांगा लागल्या. पहिली यंत्रे ग्राहकाकडे पोहोचायला पाच वर्षे लागली, वेग सुरुवातीला तासाला ६,५०० शीट निघाला, आणि २०२५मध्ये कंपनीला कर्जापायी इस्रायलच्या न्यायालयात संरक्षण मागावे लागले. पुढे एका गुंतवणूक फंडाने ती घेतली. छपाईचा दर्जा चांगला होता, प्रश्न तो नव्हता. अशा यंत्राची शाई, हेड, सॉफ्टवेअर सगळे एकाच घरचे असते आणि ते घर अडचणीत आले की आपणही येतो. ऑफसेटची शाई चार दुकानांत मिळते. इथे तशी सोय नाही.

पैशाच्या बाजूला आणखी एक खाच आहे. नव्या दरांत खोक्यावर ५ टक्के आणि क्राफ्ट कागदावर १८ टक्के जीएसटी आहे. या उलट्या रचनेत कच्च्या मालावरच्या जादा कराचा परतावा मागता येतो, उशिरा का होईना. यंत्रावर भरलेला जीएसटी मात्र त्या परताव्याच्या सूत्रात धरला जात नाही. विक्रीवरचा ५ टक्के कर कागदाच्या क्रेडिटमध्येच भागत असेल, तर यंत्राचे क्रेडिट वहीत अडकून राहते. प्रकल्प अहवालात ते पहिल्या वर्षी मिळेल असे धरले असेल, तर आपल्या सीएला पुन्हा विचारा.

म्हणून एकट्याने उडी घेण्याऐवजी जॉबवर्कचा मार्ग आधी चोखाळावा असे आम्हाला वाटते. एका औद्योगिक वसाहतीतले आठ-दहा मुद्रक मिळून एक यंत्र सहज भरून काढतील. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या समूह विकास योजनेत सामाईक सुविधा केंद्राला केंद्र सरकारचे अनुदान मिळते. आड येते ती एकच भीती, शेजारी आपली पार्टी पळवील. आज तीच पार्टी पाचशे नगांसाठी परराज्यातल्या ऑनलाइन पुरवठादाराकडे जात आहे, तेव्हा शेजाऱ्याची भीती किती बाळगायची ते ठरवा.

वाचकांना एक विनंती. गेल्या बारा महिन्यांच्या ऑर्डरी काढा. एक हजाराखालच्या किती आल्या, त्यातल्या किती तुम्ही नाकारल्या, आणि किती पार्ट्यांनी जास्तीचे छापलेले पॅकिंग फेकले, एवढे तीन आकडे आम्हाला कळवा. नावे गुप्त राहतील. आकडे आम्ही छापू.