वाकड्या दुर्बिणीची सरळ बाजू

गिरगावात वाद घालायला विषय लागत नाही, समोर माणूस असला की पुरतो. तरीसुद्धा दुर्बिणीचा डोळा सरळ असावा की वाकडा, यावरून आमच्या चाळीत दोन तट पडतील असे कुणी मला पूर्वी सांगितले असते, तर मी त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवले असते. पण पडले खरे! आमच्या पक्षीनिरीक्षक मंडळाकडे (सभासद अकरा, नियमित येणारे चार, डबा आणणारा एक) वर्गणीचे चार पैसे साठले आणि तिपाईवर ठेवायची एक मोठी दुर्बीण घ्यावी, असा ठराव झाला. दुकानदाराने साधा प्रश्न विचारला, "सरळ देऊ की अँगलवाली?" त्या क्षणापासून मंडळात कुणी कुणाशी सरळ बोललेले नाही.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरळ दुर्बिणीत नळी आणि डोळा लावायची नेत्रिका एका रेषेत असतात. वाकडीत नेत्रिका बहुधा ४५ अंशांनी वर वळलेली असते. पक्षी समोर, आणि आपण बघतो खाली मान घालून, पिंपात पाणी किती उरले ते बघावे तसे. बाकी भिंगे तीच, २० पटींपासून ६० पटींपर्यंत मोठे दाखवणे तेच, आणि किंमत ऐकून घरच्या मंडळींचा चेहरा होतो तोही तोच.

सरळ पक्षाचे पुढारी म्हणजे समोरच्या खोलीतले नाना. उंची पावणेसहा फूट, आवाज त्याहून उंच. नानांकडे स्वतःची सरळ दुर्बीण आहे. मुलाने अमेरिकेहून पाठवली आहे. नानांचे म्हणणे एका वाक्यात मावते. "अहो, माणसानं नाकासमोर बघावं! पक्षी तिकडे आणि तुम्ही बघताय चपलांकडे. कसा सापडायचा?"

आता मी काही आंधळा पक्षपाती नाही. नानांचे जे बरोबर आहे ते बरोबरच आहे. सरळ दुर्बिणीत पक्षी चटकन सापडतो, कारण नजर जिकडे तिकडेच नळी. मोटारीच्या काचेवर टेकवून बघायला ती सोयीची. उंचावरून खाली बघायलाही तीच बरी. नाना गॅलरीचा दाखला देतात तो म्हणूनच. पण माझा प्रश्न असा, की गॅलरीतून खाली काय चालले आहे हे बघायला गिरगावकराला दुर्बीण लागते कधीपासून? शिवाय वाकडीची नेत्रिका आभाळाकडे तोंड करून बसते, त्यामुळे धूळ, पाऊस आणि आमच्या चाळीच्या कबुतरांचे आशीर्वाद थेट तिच्यात पडतात, हेही कबूल. त्याला झाकण असते. ते लावायला विसरणारा मीच, हेही कबूल.

पण "वाकडीत पक्षी सापडत नाही" ही तक्रार मात्र मला मान्य नाही. नाचता येईना अंगण वाकडे, तसे पक्षी सापडेना दुर्बीण वाकडी! आधी सर्वांत कमी पटींवर, म्हणजे २० वर ठेवावे, नळीच्या कडेने नेम धरून ती पक्ष्याच्या दिशेला लावावी, आणि सापडल्यावर मग हळूहळू पटी वाढवाव्यात. दोन रविवारांत हात बसतो. आणि ६० पटींचा फार हव्यास धरू नये. ऊन चढले की चिखलावरची हवा अशी थरथरते की पक्षी उकळत्या आमटीत पोहत असल्यासारखा दिसतो.

खरे सांगायचे तर सरळ दुर्बीण ही बंदुकीची धाकटी बहीण आहे. शिकाऱ्याचे काम वेगळे. सावज दिसले की तीच रेषा धरून बंदूक उचलायची. तिथे डोळा, नळी आणि सावज एका ओळीत असलेले बरे. (डोंगरउतारावर तासन्‌तास बसून टेहळणी करणारे शिकारीसुद्धा पुष्कळदा वाकडीच पसंत करतात, हे मी नानांना अजून सांगितलेले नाही.) पक्ष्यांचा नाद आपल्याकडे आला तोही बंदुकीच्या वाटेनेच. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेल्या सालिम अली नावाच्या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन तो १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला पक्षी ओळखून दाखवला आणि भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ती पडलेली चिमणी आहेच.

पण तो काळ गेला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेने शिकार करण्याची वाटही बंद झाली. आता आपल्याला काही पाडायचे नाही. नुसते बघायचे आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याला दाखवायचे आहे. बंदूक एकट्याची असते. मंडळाची दुर्बीण अकरा जणांची, आणि अकरा जणांच्या घरच्यांची. इथेच सरळ दुर्बीण सपशेल हरते.

कारण सरळ दुर्बीण एकाच उंचीच्या माणसासाठी उभी असते. नानांच्या डोळ्याला लावली की इतरांनी चवड्यांवर उभे राहायचे, नाहीतर तिपाईचे तिन्ही पाय खालीवर करायचे. तोवर पक्षी मुक्काम हलवतो. वाकडी दुर्बीण सर्वांत बुटक्या माणसाच्या बेताने लावावी, उंच माणसे वाकतील. तिपाई बुटकी राहिली की वाऱ्याने हलतही कमी. न्यूटनने १६६८ साली आपली आरशाची दुर्बीण केली, तेव्हा आत एक आरसा तिरका बसवून बघायची जागा नळीच्या बाजूला काढली. सरळ बोटाने तूप निघत नाही, हे त्यालाही उमगले असावे.

हा वाद माझ्या इतका जिव्हारी का लागला ते आता सांगतो. अटल सेतू जिथून सुरू होतो त्या शिवडीला, पुलाचे काम निघण्याच्या आधी, आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो होतो. आई बरोबर होती. उंची साडेचार फूट, त्यातली दोनतीन इंच पाठीच्या बाकात गेलेली. ओहोटी लागलेली, पक्षी दूर सरकलेले, नानांची दुर्बीण नानांच्या उंचीवर आणि मागे पंधरा माणसांची रांग. आईने टाचा उंचावल्या, एक डोळा मिटला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दिसला हो, छान आहे." नाना खूश, रांग खूश.

रात्री ताटे वाढताना तिने हळूच विचारले, "काय रे, तो गुलाबी असतो ना? मला आपलं नुसतं काळं काळं दिसलं. म्हटलं, लोक ताटकळलेत, कशाला उगीच..."

मला तो घास गिळवेना. आयुष्यभर लोकलच्या गर्दीत, नळावर, रेशनच्या रांगेत मागच्यांची सोय बघून बाजूला झालेली बाई, रोहित पक्ष्यासमोरूनही तशीच बाजूला झाली होती.

गेल्या थंडीत एका विद्यार्थ्याची वाकडी दुर्बीण मी दोन तासांसाठी मागून आणली आणि आईला चौपाटीवर नेले. वाळूवर कुरव पक्षी बसले होते. तिपाई पुरती खाली घेतली. आईला वाकावे लागले नाही. ती मुळात वाकलेलीच आहे. नेत्रिका आपसूक तिच्या डोळ्यापाशी आली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही काही सुचवले नाही. मग म्हणाली, "अरे, याच्या कानामागे कुणी तीट लावलीय?"

काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके थंडीत पांढरे होते आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका तेवढा उरतो. हे मी तिला सांगितलेले नव्हते. पुस्तकात ती बघणार नव्हती. म्हणजे या खेपेला दिसला होता!

येत्या रविवारी मंडळात मतदान आहे. नानांनी आतापासूनच आक्षेप घेतला आहे, की वर्गणी न भरणाऱ्यांना मत देता येणार नाही. रास्त आहे. वर्गणी मी कालच भरली. पावती आईच्या नावाने आहे.