तळघरातल्या गोदामांचा धूर कोण ओढणार?

मा. संपादक,


गोदामाला आग लागली की बातमीत दोन गोष्टी हमखास येतात: शॉर्टसर्किट झाले असावे, आणि अग्निशमन दलाचे इतके बंब आले. जवानांना आत शिरायला किती वेळ लागला, का लागला, हे फारसे कुणी विचारत नाही. २९ एप्रिल २०२५ च्या पहाटे वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरील मॉलमध्ये तळघरातल्या दुकानाला आग लागली, वरच्या मजल्यांपर्यंत गेली आणि रात्र झाली तरी विझली नव्हती. रोबोट आणावा लागला. त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या मजल्यावरचे कपड्यांचे दुकान पेटले आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा जीव गेला. आग त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ते गुदमरून गेले.

माझा धंदा डक्ट आणि पंखे बसवण्याचा आहे, त्यामुळे मी पंख्यांची वकिली करतो असे कुणी म्हणेल. म्हणू दे. बुटक्या छताच्या गोदामाला धूर ओढणारी यांत्रिक यंत्रणा हवीच, आणि तिची क्षमता आज ज्या हिशेबाने ठरते तो हिशेब अशा जागांवर अन्याय करणारा आहे, हे मला ठामपणे सांगायचे आहे.

गरम धूर आधी छताला टेकतो, छताखाली पसरतो आणि मग त्याचा थर जाड होत खाली उतरतो. माणूस वाचतो तो या थराखालच्या हवेत. तीनशे चौरस मीटरचे गोदाम घ्या. छत ४.८ मीटरवर असेल, तर माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे १.७ मीटरच्या वर, धुराला ९३० घनमीटर जागा मिळते. छत २.४ मीटरवर असेल तर फक्त २१०. खोके छतापर्यंत रचलेले असतील तर तेवढीही नाही. फोम, रेक्झिन, प्लास्टिक पेटले की अशा जागेत दार शोधायला मिनिटे मिळतात, तीही मोजकीच.

आता नियम पाहा. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ म्हणते की आगीच्या वेळी तळघरातली हवा तासाला १२ वेळा बदलली पाहिजे. हा हिशेब खोलीच्या घनफळावर चालतो. म्हणून वरच्या उदाहरणात उंच गोदामाला तासाला १७,२८० घनमीटर हवा ओढणारा पंखा लागतो आणि बुटक्याला ८,६४०. जिथे धूर साठायला जागाच नाही, तिथे पंखाही निम्मा! वास्तविक डोक्याएवढ्या उंचीपर्यंतची हवा स्वच्छ ठेवायची तर दोन्हीकडे जवळपास सारखाच धूर ओढावा लागतो. धूर किती होणार हे पेटलेल्या मालावर आणि ज्या उंचीपर्यंत त्यात हवा मिसळते त्यावर ठरते, छत किती वर आहे त्यावर नाही. तेव्हा गोदामांपुरता तरी हिशेब साठवलेल्या मालावरून करावा आणि क्षेत्रफळानुसार एक किमान मर्यादा घालून द्यावी.

नुसता मोठा पंखा एका कोपऱ्यात बसवून भागत नाही, हेही सांगतो. मोरीतले पाणी उथळ झाले की भोवऱ्यातून हवाच ओढली जाते. धुराचा थर पातळ असताना एकाच जाळीतून जोर लावला तर तसेच होते, खालची स्वच्छ हवा बाहेर जाते आणि धूर तिथेच राहतो. बुटक्या छताखाली छोट्या जाळ्या जास्त हव्यात, आणि बाहेरची हवा जमिनीलगत आत यायला वाट हवी.

जमिनीच्या अडीच टक्के झरोके ठेवले की पुरे, असे बिल्डर सांगतात. तो नियम आहे खरा. पण पावसाळ्यात पाणी शिरते म्हणून हेच झरोके पत्रा ठोकून बंद होतात आणि दिवाळीनंतरही उघडत नाहीत. शिवाय स्प्रिंकलर सुटले की धूर थंड होतो, वर चढायची त्याची ताकद जाते आणि तो माणसांच्या उंचीवर रेंगाळतो. तो आपणहून झरोक्यापर्यंत पोहोचत नाही, त्याला ओढावेच लागते.

पंख्याने आगीला वारा मिळतो, हा आक्षेप मी मनापासून गांभीर्याने घेतो. स्प्रिंकलर नसलेल्या गोदामात तो बऱ्याच अंशी खराही आहे. म्हणूनच दोन्ही एकत्र हवेत, आणि पंखा चालू-बंद करायची कळ तळमजल्यावर, जवानाच्या हाताशी हवी.

पुण्यातल्या एका व्यापारी इमारतीच्या तळघरात मी अलीकडेच पाहिले: कागदावर सगळे होते, २५० अंश सेल्सिअसला दोन तास टिकणारा पंखासुद्धा. त्याच्या जाळीला टेकून साड्यांचे गठ्ठे रचलेले. पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर, वर चिकटपट्टी. आवाज होतो म्हणून, असे तिथल्या वॉचमनने सांगितले. दारामागे चालू वर्षाचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, लावलेला होता.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार हा फॉर्म दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. परवानाधारक एजन्सीने तो देताना मुख्य वीज तोडून, जनरेटरवर, चाचणीचा धूर सोडून पंखा चालवून दाखवावा आणि त्याचे चित्रीकरण अग्निशमन दलाकडे जमा करावे. छताखाली अर्धा मीटर जागा मोकळी नसेल तर प्रमाणपत्रच देऊ नये. छोट्या व्यापाऱ्याला खर्च झेपणार नाही म्हणाल, तर बसवलेली यंत्रणा तपासायला नवा खर्च फारसा नाही. नवी बसवायची तिथे इमारतीतल्या सगळ्या गाळ्यांनी मिळून एक शाफ्ट करावा, महापालिकेने त्यासाठी मालमत्ता करात सवलत द्यावी.

आणि एक विनंती आपल्याला. पुढच्या वेळी गोदाम पेटेल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी अधिकाऱ्यांना विचारावे: धूर ओढणारा पंखा होता का, तो सुरू झाला का, आणि शेवटची चाचणी कुणी, कोणत्या तारखेला केली?

आपला,
वायुवीजन क्षेत्रातील एक अभियंता, पुणे