वाघ दिसला का?

आमच्या बँकेत बदलीचा हुकूम आला की माणसाकडे दोनच तऱ्हांनी पाहतात. हुकूम अमरावती शहरातल्या शाखेचा असला तर 'याचा वर कुणी तरी आहे' अशा नजरेनं, आणि धारणीचा असला तर 'याला आता वरचाच वाली' अशा नजरेनं. माझ्याकडे सगळी शाखा दुसऱ्या तऱ्हेनं पाहू लागली. शेजारच्या काउंटरवरच्या मित्रानं खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काऊन बावा, कोनाचं काय बिगडवलं होतं तुनं?" शिपायानं न मागता चहा आणला. वीस वर्षांच्या नोकरीत शिपायानं न मागता चहा आणण्याचा हा पहिला प्रसंग. परिस्थिती गंभीर आहे हे मी त्यावरून ओळखलं.

घरी आईनं देव पाण्यात घातले. मेव्हण्यानं 'मलेरियाच्या गोळ्या आहेत का?' असं विचारलं. पुण्याच्या आतेभावाला धारणी कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं, पण तिथे जाऊ नये एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. आणि एकूण एक माणसानं निरोप देताना सांगितलं, "वाघ दिसला तर फोटो पाठव हं!" म्हणजे मी वाघाच्या तोंडी जाणार याचं दुःख होतं, पण जाता जाता फोटो मिळाला तर हवा होता.

या लेखात मला भांडायचं आहे. हिशेबनीस माणसाला भांडण फारसं जमत नाही, बेरीज चुकली असली तरच आवाज चढतो. इथे बेरीज चुकलेली आहे.

धारणी म्हणजे काळं पाणी, ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत. अमरावतीहून परतवाडा, पुढे घाट, सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्याच अंतरावर मुलगी नागपूरला दिली तर आपण 'जवळच दिली हो' म्हणतो. घाटात वळणं आहेत हे कबूल, एस.टी.त माझ्या पोटातलं सगळं परतवाड्यापासून सेमाडोहपर्यंत क्रमाक्रमानं जागा बदलत गेलं, हेही कबूल. पण उतरल्यावर पाहिलं तर काळंबिळं काही नव्हतं. तहसील कचेरी होती, दवाखाना होता, कॉलेज होतं, आठवडी बाजार होता. मोबाइल असलेली माणसं होती, आणि आमच्यासारखीच त्यांनाही रेंज नव्हती. या तालुक्यातल्या हरिसालला 2016 साली डिजिटल गाव म्हणून जाहीर केलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी चार दिवस कौतुक केलं आणि मग ती परत आपल्या नेहमीच्या दोन शब्दांवर आली. मेळघाट म्हटलं की वर्तमानपत्रांजवळ दोनच शब्द असतात: वाघ आणि कुपोषण. वाघ 1974 च्या व्याघ्र प्रकल्पापासून, कुपोषण नव्वदच्या दशकापासून. या दोहोंच्या मधे जी हजारो माणसं रोज उठतात, चूल पेटवतात, शेतावर जातात आणि संध्याकाळी भांडतात, त्यांच्यासाठी शब्द शिल्लक राहिलेला नाही.

आणि हे काळं पाणी काळं करतं कोण? तर आम्ही नोकरदार. माझ्या आधी इथे राहून गेलेल्यांनी मला पहिल्याच दिवशी दीक्षा दिली. खोली घ्यायची ती खाटेपुरती. गॅसचं कनेक्शन बदलायचं नाही. कपडे पेटीतून काढायचे नाहीत, कारण 'कधीही हुकूम येईल.' (एका सद्‌गृहस्थांची पेटी सहा वर्षं बंद होती. उघडली तेव्हा शर्ट त्यांना होत नव्हते.) भाजी शुक्रवारी परतवाड्याहून आणायची. शनिवार-रविवार अमरावती. सोमवारी दुपारी उगवायचं आणि 'काय हो ही बस!' म्हणत सही करायची. पगार धारणीचा, किराणा अमरावतीचा, केस कापायचे तेही अमरावतीला. आणि मग तक्रार काय, तर 'इथे काही मिळत नाही हो!' अरे, घेतलंत कधी? दुकानदारानं काय तुमच्या पेटीसाठी माल भरायचा?

मीही हेच केलं. सोवळेपणा सांगायचा नाही मला.

आमचा एक भाचा जर्मनीत आहे. तिथे कायमचं राहायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते. भाचा रात्र रात्र जागून जर्मन शिकला. शेजारणीला 'सुप्रभात' कसं म्हणायचं, कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात टाकायचा, रविवारी भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं सगळं फोनवर कौतुकानं सांगायचा, आणि आमच्या घरात त्याचं कीर्तन व्हायचं. 'बघा, कसा रुळला! त्यांच्यातलाच झाला!' सहा हजार किलोमीटरवर पोराला जर्मन येतं याचा केवढा अभिमान! आणि त्याचा मामा दीडशे किलोमीटरवर जाऊन म्हणतो, "या लोकांना आपली भाषा कळत नाही."

खरं तर कळते. माझ्या काउंटरपुढे उभा राहणारा कोरकू माणूस घरी कोरकू बोलतो, बाजारात हिंदी बोलतो, आणि शाळेत गेलेला असला तर मराठीही बोलतो. काउंटरच्या अलीकडचा माणूस, बी.कॉम., मराठी बोलतो आणि 'हमको मालूम है' एवढी हिंदी. यातला मागास कोण हे तुम्हीच ठरवा. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची मोडकीतोडकी पोटभाषा आहे असं मी बरेच दिवस समजत होतो. तसं मुळीच नाही. ती मुंडा कुळातली; तिची सख्खी भावंडं संथाळी आणि मुंडारी, तिकडे झारखंडकडे. 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. 'कोरकू' याचा अर्थच मुळी 'माणसं'. 'कोरो' म्हणजे माणूस, आणि 'कू' लावलं की अनेक.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायची नव्हती.

पावसाळ्यातला शुक्रवार. आतल्या कुठल्याशा गावाहून एक म्हातारा पेन्शनचे पैसे काढायला आला होता. जीपनं घाटरस्ता करून आलेला, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. अंगठा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर माती उपसलेल्या अंगठ्यावर रेषा राहतात कुठे? मग लिंक गेली. तीन वाजले होते. मला साडेतीनची अमरावतीची गाडी धरायची होती. मी म्हणालो, "बाबा, उद्या या."

कारकुनाच्या तोंडात 'उद्या' हा शब्द असा बसलेला असतो की तो उच्चारायला जीभसुद्धा हलवावी लागत नाही. त्यानं मान डोलावली आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता. बँक बंद. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यासाठीच तर मी गाडी धरत होतो.

सोमवारी समोरच्या चहावाल्यानं सांगितलं. "वो बुढ़ा शनिचर को दिनभर सीढ़ी पे बैठा था, साहब. मैंने बोला आज छुट्टी है. बोला, बाबूने बुलाया है."

बाबूनं बोलावलं आहे! बाबू तेव्हा अमरावतीत बडनेरा रोडवर भजी खात होता.

म्हातारा सोमवारी परत आला. तिसरं भाडं. मी मान खाली घालून पैसे मोजले, दोनदा मोजले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. कस्टमर रागावला की काय करायचं याचं आम्हाला ट्रेनिंग असतं. तो काहीतरी बोलला, कोरकूत, हसून, आणि गेला. काय बोलला हे मला कळलं नाही. वीस वर्षांत मला न कळलेलं असं पुष्कळ आहे, पण याची टोचणी निराळी.

त्या आठवड्यात मी पेटी उघडली.

रुळणं म्हणजे मोठं काही नसतं. मी न्हावी बदलला, दूध गवळ्याकडून लावलं, आणि बाजारातून कुटकी आणली. तिचा भात कसा करायचा हे ठाऊक नसल्यानं पहिल्या दिवशी लापशी झाली. बायको महिनाभरानं आली. "अहो, इथे तर हवा चांगली आहे," असं तिनं मला अशा आवाजात सांगितलं, जणू मी ती इतके दिवस लपवून ठेवली होती. शाखेतल्या हंगामी पोराकडून मी कोरकू आकडे शिकायला लागलो: मिया, बारी, अफै, उफुन, मोनोय. कॅशियरला पाचपर्यंत आलं की निम्मं काम होतं. एकदा बाजारात बाई 'काकू, काकू' म्हणत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी प्रेमानं वळून पाहिलं. मग कळलं, काकू म्हणजे मासा. आमचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली आहेत; त्यानंतरचे दोन तास मी हसू दाबण्यात घालवले.

होळीनंतर पाच दिवस रस्त्यावर पोरं गाडी अडवून फगवा मागतात. आमच्या अपडाउनवाल्या मंडळींना याचा भारी संताप. "लूट आहे हो ही!" मी म्हणतो, आपण वर्षभर खात्यातून सेवाशुल्क कापतो ते न विचारता, ही पोरं वर्षातून पाच दिवस मागतात, तीही नाचून दाखवून. यात लूट कुठली?

'अहो पण सोयी नाहीत,' असं माझे मित्र म्हणतात. नाहीत. रात्री-बेरात्री आजारपण आलं तर जीव टांगणीला लागतो, हे मी नाकारत नाही. अकोला-खांडवा मीटरगेज गाडी धुळघाटजवळ रुळांचा वेढा घालत या डोंगरातून जायची, तीही 2017 साली बंद झाली. पण ज्यांच्याजवळ अमरावतीचं घर नाही, ज्यांचा हुकूम कधीच येणार नाही, त्यांनाही आजारपण येतं. सोयी नाहीत म्हणून आपण पळायचं, आणि आपण पळतो म्हणून सोयी मागणारा मोठा आवाज इथे उरत नाही. डेबिट-क्रेडिट जुळवून पाहा.

गेल्या महिन्यात मी साहेबांकडे एक कागद नेला. काउंटरवर कोरकूत एक पाटी लावू: बँक कोणत्या दिवशी बंद, कोणता शनिवार सुट्टीचा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपण तोंडानं सांगू. वाक्यं मी पाठ करतो म्हणालो. साहेब भले गृहस्थ. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कोणत्या परिपत्रकानुसार?"

सध्या मी जुन्या फायली चाळतो आहे. आणि नाही, वाघ अजून दिसलेला नाही.